कर्नल कोसळतो तेव्हा (भाग ६) : अर्धी लाईन तोडून

मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीची लाईट गेलेली. लाईनमन आले आणि सोळा खांबांपैकी थेट मधल्याच खांबावर चढले.

"दादा, बिघाड तिथं दिसला का?"

"नाई भाऊ. पयले अर्धी लाईन तोडून पायतो. इकडली चालू झाली त बिमारी तिकडे हाय."

चौथ्यांदा चढले आणि तुटका जंपर हाती लागला. मी त्याच आठवड्यात दोन संध्याकाळी वाया घालवून बसलो होतो, ते आठवून ओशाळलो.

मागच्या भागात आपण लिनक्स कर्नलची आरसी-१, म्हणजे पक्की व्हायच्या आधीची कच्ची आवृत्ती, घरीच कंपाईल केली. ती सुरू झाली खरी. पण यूएसबी वाय-फायचा डोंगल खोचला की पाच-सात सेकंदांत मशीन थिजायचं आणि कॅप्सलॉकचा दिवा लुकलुकायचा. हा दिवा म्हणजे कर्नलने हात टेकल्याची खूण. पडद्यावर उरायच्या त्या शेवटच्या ओळी, आणि नेमक्या त्याच बिनकामाच्या. एकदा ठेच लागली की पुढचं अडखळणं आपोआप येतं. आपल्याला हवी ती पहिली ठेच. म्हणून नेटवर्कची केबल लावून, नेटकन्सोल वापरून सगळे संदेश दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर उतरवले.

तिथे दोन 'उप्स', म्हणजे कर्नल कोसळल्याचे अहवाल, सापडले. दुसऱ्याच्या 'टेन्टेड' या रकान्यात 'डी' होता, म्हणजे कर्नल आधीच एकदा कोसळलेला. तो बाजूला ठेवला. पहिल्यात शून्य पॉइंटर वाचल्याची तक्रार होती, पत्ता १८. हा आकडा हेक्समधला, आपल्या हिशेबाने २४. म्हणजे जो तक्ता अजून तयारच नव्हता, त्यातली चोविसाव्या बाइटवरची नोंद कुणीतरी मागत होतं. फंक्शनच्या नावापुढे २ए/१९० : चारशे बाइटांच्या फंक्शनमध्ये बेचाळिसाव्या बाइटवर मरण. आणि ते फंक्शन डोंगलच्या ड्रायव्हरमधलं.

झालं, मी ड्रायव्हरच्या मागे लागलो. त्याच दोन संध्याकाळी. उप्स सांगतो तो मुडदा कुठे पडला ते. मारेकरी तिथे असेलच असं नाही.

(मशीन पूर्ण थिजलं तरी स्मृती वाचवायची सोय आहे : केडंप. राखून ठेवलेल्या जागेत दुसरा कर्नल दबा धरून बसतो, आणि पहिला मेला की उठून त्याची स्मृती टिपून घेतो. २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत हे आलं, आणि त्यात आयबीएमच्या भारतातल्या विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांचा मोठा हात होता.)

मग लाईनमनचा मार्ग धरला. कर्नलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये त्याला बायसेक्ट म्हणतात. मागची पक्की आवृत्ती 'चांगली', आरसी-१ 'वाईट'; मधे बारा हजारांच्या घरात बदल. मधला बदल निवडून कर्नल बांधायचा, डोंगल खोचायचा, निकाल सांगायचा. दोनाचा चौदावा घात १६,३८४. म्हणजे फार तर चौदा फेऱ्या.

पहिली फेरी अडीच तास चालली, आणि लॅपटॉपवर पोळी शेकली असती. मग लोकलमॉडकॉन्फिगने चालू मशीनला लागतात तेवढेच भाग ठेवले आणि वेळ पंचवीस मिनिटांवर आला. इथे एक फजिती झाली. ती आज्ञा देताना डोंगल खिशात होता. त्याचा ड्रायव्हरच वगळला गेला, आणि मी खुशाल 'चांगलं' लिहून मोकळा. एक निकाल चुकला की पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच अर्ध्यात फिरतात. बायसेक्टची नोंदवही उघडून तेवढी ओळ खोडली आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर चार-चारदा डोंगल खोचल्याशिवाय 'चांगलं' म्हटलं नाही.

तेराव्या फेरीला नाव आलं. ड्रायव्हरचा संबंधच नव्हता. वायरलेसच्या सामायिक भागात कुणी दोन ओळींची अदलाबदल केली होती : तक्ता भरायच्या आधीच ड्रायव्हरला हाक जात होती. आरसी-१ वर तेवढाच बदल उलटवला, डोंगल खोचला, आणि दिवा शांत.

पुढच्या आठवड्यात : हे त्या दोन ओळींच्या मालकाला कळवायचं कसं, आणि माझं पहिलं पत्र परत का आलं.