स्थिर-अंतराल प्रचालक व एंजिन यांची जुळवणी

विमानाचे एंजिन व त्यास जोडलेला स्थिर-अंतराल प्रचालक, म्हणजे ज्याच्या पात्यांचा कोन उड्डाणात बदलता येत नाही असा पंखा, यांचे कार्य परस्परांस अनुरूप व्हावे म्हणून दोहोंची निवड, मांडणी व चाचणी करण्याच्या प्रक्रियेला ही संज्ञा लावतात. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या बाबतीत हे काम उत्पादकाने आधीच केलेले असते. अशा विमानाच्या प्रमाणपत्रातील तपशिलात प्रचालकाचा व्यास आणि जमिनीवर पूर्ण शक्तीला मिळावयाच्या फेऱ्यांच्या मर्यादा नमूद केलेल्या असतात. हौशी व्यक्तीने घरी वा छोट्या कार्यशाळेत बांधलेल्या विमानाच्या बाबतीत ते बांधणाऱ्यालाच करावे लागते. त्याचा सांगाडा, एंजिन व एंजिनावरील आवरण यांची जोडणी दुसऱ्या कोणत्याही विमानाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. त्यामुळे एका विमानावर उत्तम ठरलेला प्रचालक दुसऱ्यावर अयोग्य ठरू शकतो. जुळवणी चुकल्यास विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत पुरेसा वेग घेत नाही, किंवा एंजिन मर्यादेबाहेर फिरून त्याची हानी होते.

तत्त्व : प्रचालकाचे पाते हा पीळ दिलेला, फिरता पंखच होय. घन पदार्थात शिरणारे मळसूत्र एका फेऱ्यात जितके पुढे सरकते त्या अंतराला अंतराल म्हणतात व हीच कल्पना प्रचालकालाही लावतात. पात्याचा कोन जितका जास्त तितका अंतराल मोठा. हवेत प्रचालक प्रत्यक्षात याहून कमी पुढे जातो व पात्याचा कोन आणि त्याचा प्रत्यक्ष मार्ग यांतील फरकामुळेच हवेशी आपाती कोन निर्माण होऊन रेटा मिळतो.

उदाहरणार्थ, १·८३ मी. व्यास व १·५२ मी. अंतराल असलेल्या प्रचालकाच्या पात्याचा कोन त्रिज्येच्या तीन-चतुर्थांश अंतरावर सुमारे १९·५° असतो. विमान जागेवर उभे असताना जवळजवळ हा सर्व कोन आपाती कोन ठरतो. पाते हवेला अवजडपणे रेटते व एंजिनावरील भार वाढतो. दर मिनिटास २,४०० फेरे व सेकंदास ३० मी. या वेगाने विमान वर चढत असता आपाती कोन सुमारे ९·५° उरतो. २,७०० फेरे व सेकंदास ६० मी. वेग असता तो २° ते २·५° इतकाच राहतो. म्हणजे वेग वाढत जातो तसा भार हलका होऊन एंजिनाचे फेरे वाढतात. एकाच गिअरवर चढ व सपाट रस्ता दोन्ही पार करणाऱ्या मोटारगाडीसारखीच ही स्थिती आहे.

इतर परिस्थिती सारखी असता प्रचालक शोषून घेत असलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या व व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असते. फेरे १० टक्क्यांनी वाढावयाचे असल्यास सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते. थ्रॉटल झडप पूर्ण उघडी असता एंजिनाची शक्ती मात्र नेहमीच्या कार्यमर्यादेत साधारणपणे फेऱ्यांच्याच प्रमाणात वाढते. शक्तीचा पुरवठा व शोषण दाखविणारे दोन वक्र जेथे छेदतात तेवढेच फेरे एंजिन करू शकते. यावरून पूर्ण थ्रॉटलला एंजिनाने किती फिरावे हे प्रचालकच ठरवितो, हे स्पष्ट होईल.

व्यास व फेरे : मंद वेगाच्या विमानात मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा प्रचालक अधिक कार्यक्षम असतो, कारण पुष्कळ हवेला थोडा वेग देणे हे थोड्या हवेला पुष्कळ वेग देण्यापेक्षा कमी खर्चाचे असते. राइट बंधूंनी १९०३ च्या आपल्या विमानात साखळीच्या साहाय्याने एंजिनाचे फेरे सुमारे एकतृतीयांशावर आणून सुमारे २·६ मी. व्यासाचे दोन प्रचालक फिरविले होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बर्नार्ड पीटेनपोल यांनी १९२९ मध्ये ‘एअर कँपर’ हे दोन आसनी विमान फोर्ड मॉडेल ए मोटारगाडीच्या एंजिनावर उडविले. हे एंजिन वजनाने जड व सुमारे ४० अश्वशक्तीचेच होते. परंतु कमी फेऱ्यांवर ते मोठा लाकडी प्रचालक फिरवू शकत असल्याने विमान दोन माणसांसह उडू शकले.

याउलट फोक्सवॅगन मोटारगाडीचे हवेने थंड होणारे एंजिन भुजादंडालाच प्रचालक जोडून वापरल्यास त्याची उपयुक्त शक्ती ३,००० फेऱ्यांच्या वर मिळते. त्यामुळे व्यास लहान ठेवावा लागतो व मंद विमानात रेटा अपुरा पडतो. पात्याच्या टोकाचा वेग ध्वनिवेगाच्या जवळ गेल्यास आवाज व ओढ एकदम वाढून कार्यक्षमता घटते, हे यामागील कारण होय. १·८३ मी. व्यासाच्या प्रचालकाचे टोक २,७०० फेऱ्यांना सेकंदास सुमारे २५९ मी. वेगाने फिरते, १५° से. तापमानास हवेतील ध्वनिवेग सेकंदास सुमारे ३४० मी. असतो. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीच्या ९१२ यूएलएस या १०० अश्वशक्तीच्या एंजिनात हा प्रश्न दंतचक्रांनी सोडविला आहे. त्याचे कमाल ५,८०० फेरे २·४३ : १ या प्रमाणात कमी होऊन प्रचालकाला सुमारे २,३९० फेरे मिळतात.

एंजिनाची पूर्वतयारी : जमिनीवर फेरे कमी मिळाले तर त्याची कारणे दोन असू शकतात. प्रचालकाचा अंतराल जास्त असेल किंवा एंजिनच दुर्बल असेल. दुर्बल एंजिनाला हलका प्रचालक लावल्यास फेऱ्यांचा आकडा बरोबर दिसतो, पण मूळ दोष झाकला जातो व रेटा कमीच राहतो. म्हणून एंजिन निर्दोष असल्याची खात्री होईपर्यंत प्रचालकाला हात लावू नये, हा या कामाचा पहिला नियम आहे.

सिलिंडरांतील दाब, झडपांची फट व प्रज्वलनाची वेळ उत्पादकाच्या सूचनांनुसार तपासतात. चालककक्षातील दांडा पुढे टोकास नेला असता कार्ब्युरेटरवरील थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडते की नाही हे पाहतात. तार वा दांडी आखूड पडल्याने ते अर्धवट उघडणे हा नव्या विमानात आढळणारा दोष आहे. दोन कार्ब्युरेटर असल्यास त्यांची उघडझाप एकसमान करतात. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलून इंधनाचा प्रवाह मोजतात. गुरुत्वाकर्षणाने इंधन येत असल्यास तो पूर्ण शक्तीच्या गरजेच्या दीडपट व पंपाने येत असल्यास सव्वापट असावा, असे प्रमाण मानले जाते. दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद करून फेऱ्यांतील घट पाहतात. ती बेताची व दोन्हींकडे जवळजवळ सारखी असावी.

फेरेमापक स्वतः विश्वसनीय असावा लागतो. यांत्रिक फेरेमापक जुना झाल्यावर पुष्कळदा शंभर किंवा अधिक फेऱ्यांनी चुकतो. पात्यांवरून येणारा प्रकाश मोजणाऱ्या हातातील उपकरणाने त्याची पडताळणी करतात. साध्या चोकवर चालणाऱ्या नळीदिव्यानेही ती साधते. ५० आवर्तनांच्या विद्युत् प्रवाहावर असा दिवा सेकंदास १०० वेळा लुकलुकतो. त्याच्या प्रकाशात दोन पात्यांचा प्रचालक १,५०० फेऱ्यांना स्थिर व चार पात्यांचा असल्यासारखा दिसतो. ही पडताळणी प्रचालकाच्या फिरण्याच्या पातळीपासून दूर, मागे उभे राहूनच करतात.

प्रचालक बसविणे : लाकडी प्रचालकाच्या मध्यभागावर धातूची तबकडी ठेवून बोल्ट ठरलेल्या परिपीडनाने आवळतात. प्रचालकाला फिरण्याची प्रेरणा मुख्यतः दाबलेल्या पृष्ठभागांतील घर्षणाने मिळते. लाकूड दमट ऋतूत फुगते व कोरड्या ऋतूत आकसते. म्हणून पहिल्या चाचणीनंतर, पुढे काही तासांनी व प्रत्येक ऋतुबदलाला बोल्ट पुन्हा तपासणे आवश्यक असते. ढिलाई राहिल्यास प्रचालक सूक्ष्मपणे हलतो, घर्षणाने लाकूड करपते व शेवटी बोल्ट तुटतात. पाती एकाच पातळीत फिरतात की नाही हे एका स्थिर खुणेजवळून त्यांची टोके फिरवून पाहतात. फरक सामान्यतः ३ मिमी.च्या आत असावा लागतो. हे हाताने फिरविण्यापूर्वी प्रज्वलन बंद करून प्रत्येक सिलिंडरातील एकेक स्पार्क प्लग काढून ठेवतात. जमिनीवर कोन बदलता येणाऱ्या प्रचालकाची सर्व पाती कोनमापकाने एकसारखी लावतात. अन्यथा कंपने निर्माण होतात.

जमिनीवरील चाचणी : विमानाची शेपटी भक्कम बांधून, चाकांना अडसर लावून व जमिनीवरील खडे झाडून ही चाचणी घेतात. एंजिन योग्य तापमानास आल्यावर थ्रॉटल सावकाश पूर्ण उघडून काही सेकंदांत फेरे, तेलाचा दाब व सिलिंडरांचे तापमान नोंदवितात. उभ्या विमानात थंड हवेचा पुरेसा झोत मिळत नसल्याने चाचणी लांबविणे धोक्याचे असते. वाऱ्याचा परिणाम टाळण्यासाठी ती शांत हवेत घेतात किंवा विमान उलट दिशांना तोंड करून मिळालेल्या आकड्यांची सरासरी काढतात.

२,७०० ही निर्धारित मर्यादा असलेल्या एंजिनाला अशा चाचणीत ठोकळमानाने २,२५० ते २,४०० फेरे मिळणे समाधानकारक समजतात. पूर्ण २,७०० फेरे जमिनीवरच मिळाले तर वेग येताच ते मर्यादेबाहेर जातील. या घटीमुळे उड्डाणाच्या आरंभी पूर्ण शक्ती हाती नसते, हेही लक्षात ठेवावे लागते. १६० अश्वशक्तीचे एंजिन २,३०० फेऱ्यांना सुमारे १३५ अश्वशक्तीच देते.

विरळ हवेत एंजिनाची शक्ती व प्रचालकाचा भार दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात घटतात. म्हणून उंचावरील तळावर किंवा उन्हाळ्यात फेऱ्यांचा आकडा फारसा बदलत नाही, पण रेटा मात्र कमी झालेला असतो. फेरे योग्य दिसले म्हणून विमान नेहमीच्याच अंतरात जमीन सोडील, असे गृहीत धरणे त्यामुळे घातक ठरते.

उड्डाणातील चाचणी व दुरुस्ती : जमिनीवरील आकडा सुरक्षित आढळल्यावरच उड्डाण करतात. चढाईच्या वेगाला व नंतर कमी उंचीवर समपातळीत पूर्ण थ्रॉटलला फेरे नोंदवितात. समपातळीत फेरे निर्धारित मर्यादेला जेमतेम पोहोचत असल्यास जुळवणी सर्वसाधारण उपयोगास योग्य मानतात. त्याआधीच मर्यादा ओलांडली जात असल्यास अंतराल वाढवावा लागतो; चाचणीत थ्रॉटल मागे घेऊन एंजिन मर्यादेत ठेवतात. मर्यादेपेक्षा फेरे फार कमी राहिल्यास अंतराल किंवा व्यास कमी करतात. आखूड धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानाला लहान अंतरालाचा, तर लांब प्रवासाच्या विमानाला थोड्या मोठ्या अंतरालाचा प्रचालक सोयीचा असतो. दोन्ही गुण एकाच स्थिर प्रचालकात पूर्णपणे मिळत नाहीत.

फार मोठ्या अंतरालाने एंजिन कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलच्या भाराखाली राहते. अशा वेळी सिलिंडरांचे तापमान वाढते व मिश्रण क्रमाने न जळता एकाएकी स्फोट पावण्याचा संभव वाढतो. त्यामुळे दट्ट्या वितळून भोकही पडू शकते. एका वेळी एकच बदल करून चाचणी पुन्हा घेणे हाच निश्चित मार्ग होय. लाकडी प्रचालकाचे तासकाम व धातूच्या पात्याचा पीळ बदलणे ही कामे त्यातील तज्ञ कार्यशाळेतच करावी लागतात. धातूच्या प्रचालकाचा व्यास मनाने कमी केल्यास त्याची नैसर्गिक कंप्रता बदलते व एंजिनाच्या स्पंदांशी अनुस्पंदन होऊन पाते तुटू शकते. कारखान्यात बांधलेल्या काही विमानांतही विशिष्ट फेऱ्यांच्या पट्ट्यात सतत एंजिन चालविण्यास मनाई असते. पायपर चेरोकी १८० या विमानात ती २,१५० ते २,३५० फेऱ्यांदरम्यान आहे.

नियमन : अमेरिकेत हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना १९५३ मध्ये स्थापन झाली. तेथे प्रमाणित एंजिन-प्रचालक जोडी असल्यास २५ तास व नसल्यास ४० तास विशिष्ट क्षेत्रात चाचणी-उड्डाणे करण्याची प्रथा पडली. ठरावीक चाचण्या पूर्ण करण्याचा पर्यायही पुढे उपलब्ध झाला. या फरकावरूनच जोडीच्या पूर्वपरीक्षेचे महत्त्व दिसून येते. भारतात अशा विमानांची नोंदणी व उड्डाण-परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असतो. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडण्यात आले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली.

जुळवणी पूर्ण झाल्यावर जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला मिळालेले फेरे विमानाच्या नोंदवहीत लिहून ठेवतात. प्रत्येक उड्डाणाच्या आरंभी वैमानिक फेरेमापकावरील आकडा त्याच्याशी ताडून पाहतो. तो लक्षणीय कमी आढळल्यास प्रचालक तोच असल्याने दोष एंजिनात किंवा फेरेमापकात आहे, असे समजून उड्डाण तेथेच थांबवितात. अंतराल स्थिर असल्यामुळे प्रचालक अशा रीतीने एंजिनाची शक्ती पारखण्याचे एक साधनही ठरतो.