चित्रकाराने स्वतःचा परिचय कसा लिहावा

प्रदर्शनाची तारीख ठरली की कॅटलॉगसाठी फोटो आणि परिचय मागितला जातो. चित्रांवर वर्षभर मेहनत झालेली असते, परिचय मात्र आदल्या रात्री घाईघाईत उरकला जातो. हा चित्रांवर अन्याय आहे. गॅलरीत आलेला अनोळखी माणूस बरेचदा आधी परिचयच वाचतो.

सुरुवात कामापासून

लहानपणापासूनची आवड नंतर सांगता येईल. आधी सांगा, काय रंगवता आणि कशात. ‘निसर्गाच्या विविध छटांचा वेध घेणारी संवेदनशील चित्रकार’ हे वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. ‘पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यांवर चढणारं शेवाळ जलरंगात रंगवते’ म्हटलं की चित्र दिसू लागतं.

बरव्यांचं उदाहरण

आयुष्यातले कोणते तपशील ठेवावेत, यासाठी चित्रकार प्रभाकर बरवे यांच्याकडे पाहा. त्यांचा जन्म १९३६चा, अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्यावर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. नोकरीमुळे काही वर्षं बनारसला राहिले, तिथे तंत्रपरंपरेतल्या चिन्हांशी ओळख झाली आणि ती त्यांच्या चित्रांत उतरली. पुढे कॅनव्हासवर एनॅमल रंगांत पान, घड्याळ, फळ अशा रोजच्या वस्तू मोकळ्या अवकाशात येऊ लागल्या.

पोटापाण्याची नोकरी आपण परिचयातून सहसा वगळतो. बरव्यांच्या बाबतीत ती वगळली, तर बनारसचा धागाच तुटतो. म्हणून प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारावा: यामुळे माझं चित्र बदललं का? बदललं असेल, तर बँकेतली कारकुनीही अभिमानाने लिहा.

काय गाळावं

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या श्रेणी, शालेय बक्षिसं, सत्कार. ‘बहुआयामी’, ‘कलासक्त’ ही विशेषणंसुद्धा. ती बघणाऱ्याने द्यायची असतात. एकल प्रदर्शनं वर्ष आणि शहरासह द्या, समूह प्रदर्शनांपैकी निवडक पुरेत.

लांबी आणि भाषा

कॅटलॉगसाठी शंभर-दीडशे शब्द, भिंतीवरच्या फलकासाठी पन्नास. परिचय तृतीयपुरुषी ठेवा, मध्येच ‘मी’ येऊ देऊ नका. चित्रांमागचा विचार प्रथमपुरुषात मांडायचा असेल, तर त्याचं वेगळं टिपण करा.

परिचय छापायला देण्याआधी चित्रकलेशी संबंध नसलेल्या कुणाला तरी तो वाचून दाखवा आणि चित्रं कशी असतील ते विचारा. उत्तर जुळलं नाही, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा.