आराखड्याआधीची चौकशी

अभियांत्रिकीच्या शिक्षणात हल्ली ज्याला ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात, त्याचे मर्म इतकेच की, यंत्राचा नकाशा काढण्यापूर्वी ते ज्याच्या हाती पडावयाचे त्याच्या गरजेची कसून चौकशी करावी, ओबडधोबड नमुना त्याच्यापुढे ठेवावा, आणि त्याने तो नापसंत केल्यास विनातक्रार मोडून पुन्हा घडवावा.

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर या भागाचेच उदाहरण घ्या. उजनी धरणाचे पाणी येथील नळांना रोज येत नाही, हे कळताच विद्यार्थ्याला टाकी भरल्यावर मोटार बंद करणारे उपकरण सुचते. परंतु पाण्याच्या वेळी तो एखाद्या घरी जाऊन उभा राहिला, तर गृहिणी पहिले पाणी बादलीत सोडून त्याचा रंग पाहते, पिण्याच्या पिंपावर दुहेरी फडके बांधते आणि मगच मोटार लावते, म्हणजे पाणी येताना तिला घरी हजर राहावेच लागते, हे पाहून त्याची खात्री पटेल की, अडचण टाकी ओसंडण्याची नसून पाण्याच्या अनिश्चित वेळेची आहे. सबब उपकरणापेक्षा आगाऊ वर्दी देण्याची तजवीज कदाचित अधिक उपयुक्त ठरावी.

उद्योजकवृत्ती ही या चौकशीच्या पुढची पायरी. तीत किंमत, दुरुस्ती व जोखीम यांचा हिशेब येतो. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी रेल्वेच्या कामांचे मक्ते घेत घेत १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला, तो अभियंत्याच्या पदवीवाचून! त्यांचेच नाव धारण करणारे अभियांत्रिकी महाविद्यालय सोलापुरात १९८३पासून चालू आहे. आमच्या परीक्षापद्धतीत मात्र, फसलेल्या नमुन्याला गुण देण्याचा रकाना अद्याप सहसा आढळत नाही.