‘अंग बाहेर येणे’ : माता-भगिनींचे लपवलेले दुखणे

गाय किंवा म्हैस व्याल्यावर तिचे मायांग बाहेर आले, तर आपला शेतकरी काय करतो हे कोणाला सांगायला नको. रात्रीचे दोन वाजलेले असोत, तो बॅटरी घेऊन निघतो आणि गुरांच्या डॉक्टरांना उठवतो. डॉक्टर येईपर्यंत घरची माणसे बाहेर आलेला भाग स्वच्छ ओल्या कपड्यात धरून ठेवतात, कावळ्या-कुत्र्यांपासून राखतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच घरातली आई किंवा पत्नी हेच दुखणे दहा-दहा वर्षे अंगावर काढीत असते आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो.

धर्मगुरूने या विषयावर लिहावे का, असे काही वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पण गेल्या वर्षी एक वृद्ध माता रविवारच्या मिस्साला येईनाशी झाली, तेव्हा मी तिला वाटेत गाठून चार शब्द सुनावले. ती काही बोलली नाही. पुढे तिच्याच परवानगीने आमच्या दवाखान्यातील सिस्टरांनी मला खरे कारण सांगितले. दीड मैल चालले की अंग खाली उतरत होते, गुडघे टेकवत नव्हते आणि लघवीने लुगडे ओले होईल या भीतीने ती चारचौघांत बसत नव्हती. मला फार ओशाळल्यासारखे झाले. म्हणून हा लेख. सिस्टरांनी तो वाचून दुरुस्त करून दिला आहे.

स्त्रीच्या ओटीपोटात पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि मागे गुदाशय असे तीन अवयव असतात. त्यांना खालून स्नायूंची एक झोळी पेलून धरते आणि वरून-बाजूंनी बळकट बंध ओढून धरतात. काथ्याने विणलेली बाज डोळ्यांपुढे आणा. वर्षानुवर्षे वजन सोसून वीण सैल पडली की बाजेला मध्ये झोल येतो. तसेच येथे घडते. ज्या बाजूची वीण सैल झाली असेल, त्या बाजूचा अवयव योनिमार्गात खाली सरकतो. तेव्हा दर वेळी गर्भपिशवीच उतरलेली असते असे नाही. पुष्कळदा मूत्राशय किंवा गुदाशय योनीच्या भिंतीला पुढे ढकलीत असतो. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत अवयव थोडासा सरकलेला असतो, दुसरीत तो द्वाराशी येतो, तिसरीत बाहेर डोकावतो आणि चौथीत पूर्ण बाहेर राहतो.

ही वीण सैल का पडते? मुख्य कारण बाळंतपण. फार वेळ अडलेली बाळंतपणे, गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधीच ‘जोर कर, जोर कर’ म्हणून करायला लावलेली कळ, वरून पोट दाबणे, एकामागून एक मुले, हे सर्व त्यात आले. परंतु आपल्या भागात त्याला दुसऱ्या कारणाची जोड मिळते आणि तिच्याबद्दल मला पुरुषांशी बोलायचे आहे. खानापूर तालुक्यातील कोणत्याही वाडीत सकाळी पाहा. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो पाणी. डोक्यावर एक, कमरेवर एक. वर लाकडाची मोळी, गवताचा भारा, शेणखताची पाटी. रोप लावणीच्या दिवसांत तर दिवसभर ओणवे काम. धडधाकट बाई हे वर्षानुवर्षे करतेही. मात्र बाळंतपणानंतर स्नायू आणि बंध पूर्वस्थितीवर यायला निदान सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात उचललेले ओझे फार महागात पडते. आपल्या आज्या बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू देत नसत. त्यात सोवळ्याओवळ्याचा भाग असेल तो असो, पण विश्रांतीचा हिशेब अगदी बरोबर होता. सोवळे गेले ते चांगलेच झाले, त्याबरोबर विश्रांतीही गेली हे मात्र वाईट झाले.

याशिवाय चुलीच्या धुराने किंवा तंबाखूने जडलेला जुना खोकला, शौचाला कुंथावे लागणे, फार स्थूलपणा, आणि पाळी गेल्यानंतर त्या भागाला येणारा अशक्तपणा, यांनीही दुखणे वाढते. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका बद्धकोष्ठ ओढवून घेतात. पाणी, पालेभाजी, नाचणीची भाकरी यांनी कुंथणे कमी होते.

ओळखायचे कसे? खाली काहीतरी उतरल्यासारखे, गोळ्यावर बसल्यासारखे वाटते. संध्याकाळी ते वाढते आणि आडवे झाले की कमी होते. कंबर ओढते, लघवी पुरी होत नाही किंवा खोकताना सुटते. यातले काहीही असेल तर एकदा तपासून घ्यावे. कापडाचा बोळा, तुरटी किंवा झाडपाला आत घालणे हा उपाय नाही. त्याने जखम होते आणि ती चिघळते.

आता उपचार. दुखणे पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तर स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळांना आराम पडतो. अमेरिकेतील डॉक्टर केगेल यांनी १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. यास पैसा लागत नाही. लघवी करून यावे, उताणे पडून गुडघे दुमडावेत. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरल्याप्रमाणे खालचे स्नायू आत, वर ओढावेत. श्वास चालू ठेवावा; पोट, मांड्या, नितंब आवळू नयेत. प्रथम तीन ते पाच सेकंद धरावे, तेवढाच वेळ सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यावे. सवय झाली की बसून, उभ्यानेही करता येते. जपमाळ म्हणताना केले तरी कोणाला कळणार नाही आणि देवाची हरकत नसावी. फरक पडायला तीन-चार महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणाऱ्या फार. खोकला आला किंवा काही उचलायचे असले तर आधी हे स्नायू आवळून घ्यावेत.

दुसरा उपाय पेसरीचा. ही मऊ सिलिकॉनची कडी असते. डॉक्टर मापाने निवडून आत बसवितात आणि ती अवयवांना वर पेलून धरते. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही किंवा नको आहे त्यांना तिचा फार उपयोग होतो. मात्र ती बसवून विसरून जायची नसते. डॉक्टर सांगतील त्या मुदतीने, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी, ती काढून धुवावी लागते आणि आत जखम नाही ना हे पाहावे लागते.

शस्त्रक्रियेबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पिशवी काढली की काम झाले’ असे बायकाच एकमेकींना सांगतात, आणि काही ठिकाणी डॉक्टरही घाई करतात. पिशवी हे दुखण्याचे मूळ नव्हेच. मूळ आहे सैल पडलेला आधार. तो नीट बांधला नाही, तर पिशवी काढल्यावरही योनीचा वरचा भाग खाली येऊ शकतो. उलट, पिशवी ठेवून तिला पट्टीने वर बांधण्याची शस्त्रक्रिया आपल्याच माणसाने रूढ केली. १८९९ मध्ये गोव्यात जन्मलेले आणि १९७१ मध्ये निवर्तलेले मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांची ती पद्धत. ज्यांना अजून मुले हवी आहेत अशा तरुण स्त्रियांसाठी ती विशेष उपयोगी ठरली. तेव्हा पिशवी काढायला सांगितली तर ‘का? दुसरा उपाय आहे का?’ हे दोन प्रश्न विचारावेत, आणि जमल्यास दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा.

लघवी अडून बसली, बाहेर आलेला भाग आत जात नाही, त्यावर जखम झाली, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसले, तर मात्र वाट पाहू नये. लघवी अडल्यास त्याच दिवशी निघावे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. आयुष्मान कार्ड असल्यास बरोबर न्यावे आणि शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे तिथेच विचारावे.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली शुभवर्तमानातील स्त्री गर्दीतून लपतछपत प्रभूच्या मागे आली. प्रभूने तिला सर्वांसमोर ‘मुली’ म्हणून हाक मारली. शरीराच्या या भागाच्या दुखण्याची लाज त्या काळीही होती.

वर सांगितलेल्या मातेला पेसरी बसविली आहे. ती पुन्हा मिस्साला येते. मीच तिला मागच्या बाकावर, दाराजवळ बसायला सांगितले आहे. ज्यांना विचारायचे असेल त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर दवाखान्याच्या आतल्या खोलीत सिस्टरांना भेटावे. नाव लिहून घेतले जाणार नाही. पुरुषांनी त्या वेळी व्हरांड्यात रेंगाळू नये. विहिरीवर घागरी भरून घरी न्याव्यात.