इंतिबुका : लेंकांचा जागता मुलूख

होंडुरासच्या पश्चिम डोंगराळ भागात, सुमारे १,७०० मीटर उंचीवर, इंतिबुका आणि ला एस्पेरान्सा ही गावे एकमेकांना खेटून वसली आहेत. पाहुण्याला ते थंड हवेचे एकच शहर वाटते. पण नगरपालिका दोन आहेत. इंतिबुका हे लेंका आदिवासींचे जुने गाव, तर ला एस्पेरान्सा ही नंतरची, मुख्यतः मिश्रवंशीयांची वस्ती. डोक्याला भडक रंगांचे रुमाल बांधलेल्या लेंका बाया आसपासच्या खेड्यांतून बटाटे आणि भाजीपाला घेऊन इथल्या बाजारात येतात.

लेंका भाषा विसाव्या शतकात लोकांच्या बोलण्यातून नाहीशी झाली. मग स्पॅनिश बोलणाऱ्या, चर्चमध्ये जाणाऱ्या या शेतकऱ्यांना वेगळा समाज का मानायचे, असा प्रश्न केला जातो. त्याचे उत्तर त्यांच्या शेतात मिळते. पेरणीपूर्वी ‘कोम्पोस्तुरा’ हा विधी होतो. शेतात वेदी मांडून मेणबत्त्या लावतात, कोपालचा धूप जाळतात, मक्याची चिचा ही दारू, कोको आणि कोंबड्याचे किंवा टर्कीचे रक्त धरित्रीला अर्पण करतात. पीक घेण्याआधी मातीला तिचा वाटा दिला पाहिजे, ही त्यामागची धारणा. वेदीवर क्रूसही असतो, म्हणून हा विधी अस्सल नव्हे असे कोणी म्हणेल. पण वसाहतकाळात धर्म लादला गेला तेव्हा लेंकांनी क्रूस स्वीकारला आणि मातीशी असलेला करारही सोडला नाही. ‘ग्वांकास्को’ या सोहळ्यात दोन गावे आपापले संत घेऊन एकमेकांकडे जातात आणि जुना सलोखा नव्याने पक्का करतात. ज्या समाजाला माती आणि शेजार यांच्याविषयीची कर्तव्ये अशी ठाऊक आहेत, तो भाषा गेली तरी संपत नाही.

या श्रद्धेची खरी कसोटी ग्वालकार्के नदीवर लागली. मुलींचे आत्मे या नदीचे रक्षण करतात, असे लेंका मानतात. तिच्यावर आग्वा सार्का जलविद्युत प्रकल्प येऊ घातला, तेव्हा लेंका नेत्या बेर्ता कासेरेस आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली त्यांची ‘कोपिन’ संघटना विरोधात उभी राहिली. गरीब देशाला वीज नको का, हा प्रश्न रास्त आहे. पण आदिवासींशी आधी सल्लामसलत करण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्र. १६९ होंडुरासनेच १९९५ मध्ये मान्य केला होता. लेंकांची मागणी तेवढीच होती. कासेरेस यांना २०१५ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २ मार्च २०१६ रोजी ला एस्पेरान्सातल्या घरात त्यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी परदेशी वित्तसंस्थांनी प्रकल्पातून अंग काढून घेतले.

सोळाव्या शतकात स्पॅनिशांशी लढलेल्या लेंका सरदाराचे, लेम्पिराचे, नाव होंडुरासने आपल्या चलनाला दिले आहे. त्याच्या हयात वारसांचा त्यांच्या जमिनीवरचा आणि नदीवरचा शब्दही या देशाने मानला पाहिजे.