पाय म्हणाले, “क्लिक!”

एक गंमत करून पाहा. उजवा हात कोपराच्या जरा खाली डाव्या हाताने धरा आणि उजवी बोटं भराभर हलवा. आत काहीतरी वळवळतंय ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते इथे असतात! तिथून निघालेल्या चिवट कंडरा मनगटातून बोटांपर्यंत पोचतात. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून अशा ९ कंडरा आणि १ मज्जातंतू दाटीवाटीने जातात. कंडरांभोवती सूज आली, की मज्जातंतू दाबला जातो आणि बोटांना मुंग्या येतात.

मग अशा दुखऱ्या हातांचं थोडं काम पायांनी केलं तर?

शिंपीकाका पायांनी मशीन चालवतातच की! संगीत नाटकांतले ऑर्गनवादकही पायांनी भाता हलवत आणि बोटांनी सूर वाजवत. म्हणून तर त्या वाद्याला पायपेटी म्हणत.

संगणकाच्या बाबतीतही ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मेन्लो पार्क इथे डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश या अभियंत्यांनी माउस तयार केला. त्याच वेळी त्यांनी टेबलाखाली गुडघ्याने हलवायचं एक यंत्रही बसवून पाहिलं. गुडघा डावीउजवीकडे नेला, की पडद्यावरची खूण तिकडे सरके. टाच उचलली, की ती वर जाई. नवशिक्यांना तर हे माउसपेक्षाही चांगलं जमलं! सरावलेल्या लोकांचा मात्र माउसच पुढे राहिला.

आज संगणकाला जोडायची पेडल मिळतात. पेडल दाबलं, की आतलं बटण दाबलं जातं आणि वायरमधून संगणकाला निरोप जातो, ‘शिफ्ट दाबलं!’ किंवा ‘क्लिक!’ बोटाने दाबलं की पायाने, संगणकाला त्याचं काय?

पण पायांना नाजूक काम अवघड जातं. हालचाली घडवणाऱ्या मेंदूच्या भागात हातांच्या वाट्याला पायांपेक्षा खूप जास्त जागा आलेली असते. म्हणून हाताने माउस सरकवायचा आणि क्लिक पायाने करायचं, ही वाटणी छान जमते. टाच मात्र जमिनीवर टेकलेली हवी, नाहीतर पाय दमतो. आणि हात दुखतच राहिला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता तुमची पाळी! तुमच्या संगणकाला ३ पेडल जोडली, तर कोणती कामं पायांना द्याल? यादी करा. अट एकच, हातांना खरोखर आराम मिळाला पाहिजे!