प्रार्थना, श्रम आणि एक वर्ष : बेनेडिक्टाइन मठातील तरुण स्वयंसेवक

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे काम केले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहावे, ही तिची चौकट. आमची मुले शिबिरात बांध घालीत, शोषखड्डे खणीत, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य करीत. कामात ती कधी कमी पडली नाहीत. तरी आठव्या दिवशी गाडी गावाबाहेर पडली की मला प्रश्न पडे : या सेवेतून मुलांच्या जगण्यात काय उतरले? आपण त्यांना काम दिले, पण कामाला धरून ठेवणारी दिनचर्या दिली का?

याच प्रश्नाच्या मागे लागून वाचत असताना मी ख्रिस्ती मठपरंपरेतील एका प्रयोगापाशी पोहोचलो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल येथे सेंट जॉन्स हा बेनेडिक्टाइन मठ आहे आणि त्याच आवारात त्याचे विद्यापीठ. तेथून पदवी घेतलेल्या तरुणांसाठी मठाने 2003 पासून ‘बेनेडिक्टाइन व्हॉलंटिअर कोअर’ चालवले आहे. साधारण वर्षभर हे तरुण जगातल्या कुठल्या तरी बेनेडिक्टाइन मठात राहतात, मठवासीयांबरोबर प्रार्थनेला बसतात आणि त्या मठाचे जे काम चालू असेल त्यात हात घालतात. संन्यास घेण्याची अट नसते. वर्ष संपले की बहुतेक जण नोकरीकडे किंवा पुढच्या शिक्षणाकडे वळतात. मग मठाला आणि या मुलांना त्यातून काय मिळते, हे समजून घ्यायचे तर मूळ नियमापासून सुरुवात करावी लागते.

नियम : लहान पुस्तक, बारीक तपशील

नुर्सियाचा बेनेडिक्ट इटलीत साधारण 480 ते 547 या काळात होऊन गेला. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळलेला, युद्धे आणि दुष्काळ नित्याचे. शिक्षणासाठी रोमला गेलेला हा तरुण शिक्षण सोडून सुबियाकोच्या गुहेत एकांतात राहिला आणि पुढे मोंते कॅसिनो येथे त्याने मठ उभारला. तेथे लिहिलेला त्याचा ‘नियम’ म्हणजे एक प्रस्तावना आणि 73 छोटी प्रकरणे. त्याचा पहिला शब्द ‘ऐक’ या अर्थाचा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे.

या ग्रंथात तत्त्वचर्चा थोडी आणि व्यवहार फार. कोणी किती वेळ झोपावे, स्वयंपाकाची पाळी आठवड्याने कशी बदलावी, जेवताना कोणी वाचून दाखवावे, आजाऱ्याला काय सवलत द्यावी, हे सारे त्यात येते. कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याने मठाची अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असे एक प्रकरण सांगते. कुदळ आणि पूजेचे तबक यांत फरक करू नये, असा त्याचा आपल्या भाषेतला अर्थ. महत्त्वाचा निर्णय घेताना मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण पुष्कळदा योग्य गोष्ट वयाने लहान असलेल्याला सुचते, असेही त्यात आहे. दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत तर प्रत्यक्ष ख्रिस्त आला आहे असे समजून करायचे.

‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे बेनेडिक्टाइनांचे ब्रीद म्हणून प्रसिद्ध आहे. पण हे शब्द मूळ नियमात नाहीत. ते बरेच नंतरचे. शिवाय त्यात तिसरी गोष्ट गळून पडते, ती म्हणजे वाचन. नियमाने दिवसाचे तीन भाग पाडले आहेत : सामुदायिक प्रार्थना, हाताचे काम आणि धर्मग्रंथाचे सावकाश, चिंतनपूर्वक वाचन. आळस हा आत्म्याचा वैरी मानला आहे. पण कामाचा अतिरेकही चालत नाही. घंटा झाली की हातातले काम जिथल्या तिथे ठेवून प्रार्थनेला जायचे. कामाने माणसाचा ताबा घेऊ नये, ही त्यामागची युक्ती.

बायबलमधील 150 स्तोत्रे आठवड्याभरात म्हणून पूर्ण व्हावीत, अशी मूळ नियमाची रचना आहे. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा, असे प्रार्थनेचे प्रहर होते. आज अनेक मठांनी ते कमी केले असून कॉलेजव्हिलचे मठवासी दिवसातून तीनदा प्रार्थनेसाठी एकत्र येतात. स्तोत्र म्हणताना दोन बाजूंना बसलेले गट आळीपाळीने ओळी म्हणतात आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर थांबतात. नव्या माणसाची पहिली परीक्षा या थांब्यावर होते. आपला आवाज पुढे न दामटता शेजाऱ्याच्या श्वासाशी जुळवून घ्यावा लागतो. ‘ऐक’ या शब्दाचा हा रोजचा सराव.

राहण्याचे व्रत

बेनेडिक्टाइन मठवासी तीन गोष्टींची शपथ घेतो : आज्ञापालन, मठजीवनाला अनुसरून सतत स्वतःला बदलत राहणे आणि स्थैर्य. स्थैर्य म्हणजे एकाच मठाशी, त्यातल्या माणसांशी जन्मभर बांधून घेणे. मला या तिघांत स्थैर्य सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तरुण स्वयंसेवकाजवळ नेमके तेच नसते.

त्याचे उत्तम उदाहरण न्यू जर्सीतील न्यूअर्क शहरात आहे. तेथील मठाची सेंट बेनेडिक्ट्स प्रेप ही शाळा 1868 पासूनची. 1967 च्या दंगलीनंतर गोरी कुटुंबे शहर सोडू लागली. शाळेने कोणासाठी आणि कशी चालावे यावर मठातच फूट पडली, अनेक मठवासी निघून गेले आणि 1972 मध्ये शाळा बंद झाली. जे मागे राहिले त्यांनी पुढच्याच वर्षी ती पुन्हा उघडली, आता मुख्यतः शहरातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी मुलांसाठी. शाळेचा रोजचा कारभार मोठ्या प्रमाणात विद्यार्थ्यांवर सोपवणे हे तिचे वैशिष्ट्य ठरले. कॉलेजव्हिलचे स्वयंसेवक ज्या ठिकाणी जातात त्यांत न्यूअर्क आहे, तसाच टांझानियातील हांगा मठही आहे. बावीस वर्षांचा मुलगा न्यूअर्कला पोहोचतो तेव्हा तो मदतीची सुरुवात करायला आलेला नसतो. पन्नास वर्षे न हललेल्या माणसांच्या कामात तो एका वर्षापुरता सामील होतो. आपण गेलो तरी काम थांबणार नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसते. सेवा करणाऱ्याच्या मनात जो उपकारकर्तेपणा शिरतो त्यावर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

आपल्या आश्रमांशी एक धागा

मराठी वाचकाला येथे सेवाग्राम आठवेल. तो धागा केवळ साम्याचा नाही. 1895 मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी नाताळमधील मारियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठ पाहायला गेले होते. ट्रॅपिस्ट हे बेनेडिक्टचाच नियम अधिक कडकपणे पाळणारे. त्यांचे मौन, शाकाहार, सुतारकाम-चांभारकामाच्या कार्यशाळा आणि स्थानिक आफ्रिकी लोकांशी समानतेचे वागणे पाहून गांधी प्रभावित झाले आणि लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ पत्रात त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे 1910 मध्ये टॉलस्टॉय फार्म उभे राहिले, तेव्हा त्यांचे सहकारी कॅलनबाख याच मठात जाऊन चपला करायला शिकले आणि त्यांच्याकडून गांधी शिकले. आश्रमव्रतांत शरीरश्रम आला त्यामागे रस्किन, टॉलस्टॉय आणि गीता आहेतच. पण मारियनहिलच्या कार्यशाळेलाही त्यात वाटा आहे.

सावता माळ्यांचा मळा किंवा वारीतला नेमाचा हरिपाठ यांच्याशीही तुलना सुचते. मात्र ती ओढूनताणून करू नये. वारकरी प्रपंचात राहून नेम पाळतो. बेनेडिक्टाइन मठवासी ब्रह्मचारी असतो, त्याच्या मालकीचे काही नसते आणि तो मठाधिपतीच्या आज्ञेत राहतो. स्वयंसेवक या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो : मठात राहणारा, पण प्रपंचाकडे परतणारा.

शंका

या प्रयोगाकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. पहिली शंका आज्ञापालनाविषयीची. बंदिस्त समूहात अधिकार एका ठिकाणी साठला की तो दुर्बळांवर उलटू शकतो. सेंट जॉन्स मठाने स्वतःच 2013 मध्ये लैंगिक अत्याचाराचे विश्वासार्ह आरोप असलेल्या आपल्या मठवासीयांची नावे जाहीर केली. पवित्र दिनचर्या अत्याचार रोखत नाही, कधी कधी झाकते, हे त्यातून मान्य करावेच लागते. बाहेरची देखरेख आणि तक्रारीची खुली वाट नसेल तर तरुणांना कुठल्याही मठात किंवा आश्रमात पाठवू नये.

दुसरी शंका हेतूविषयीची. विसाव्या शतकाच्या मध्यावर या मठात तीनशेहून अधिक मठवासी होते. आज ती संख्या फार खाली आली आहे. मग स्वयंसेवक हे नव्या मठवासीयांसाठी टाकलेले जाळे आहे का? येथे नियमाचीच साक्ष काढता येते. मठात येऊ इच्छिणाऱ्याला सहज प्रवेश देऊ नये, त्याला दारात काही दिवस थांबवावे, मग वर्षभरात तीनदा संपूर्ण नियम वाचून दाखवावा आणि दर वेळी निघून जाण्याची मोकळीक द्यावी, असे 58 वे प्रकरण सांगते. जो मोकळेपणी जाऊ शकतो त्याच्याच राहण्याला अर्थ, ही भूमिका. ती प्रत्यक्षात कितपत पाळली जाते हे प्रत्येक मठागणिक तपासावे लागेल. परंतु कसोटी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

आपल्याला काय घेता येईल?

सरकारी महाविद्यालयीन योजनेत प्रार्थना आणता येणार नाही, आणूही नये. आपले विद्यार्थी अनेक धर्मांचे आणि काही कोणत्याच धर्माचे नाहीत. पण तीन गोष्टी धर्माशिवाय उचलता येतात. दरवर्षी नवे गाव न निवडता एकाच गावाशी दहा वर्षे संबंध ठेवावा. शिबिरात रोज ठरल्या वेळी काम थांबवून अर्धा तास सर्वांनी एकत्र शांत बसावे, वाचावे, ऐकावे. आणि अवजारांची देखभाल, भांडी, झाडलोट यांच्या पाळ्यांतून कोणीही, अगदी प्राध्यापकही, सुटू नये.

यातली पहिली गोष्ट सर्वांत अवघड आहे. दहा वर्षे एकाच गावात गेलो तर आपल्या पहिल्या वर्षीच्या बांधाचे पुढे काय झाले, तो किती पावसाळे टिकला, त्याचे पाणी कोणाच्या शेतात गेले आणि कोणाच्या नाही, हे सगळे दिसू लागते. अहवालात ते लिहावे लागते. पण विद्यार्थी सेवेतून काही शिकणार असेल, तर या उत्तरांना तोंड देऊनच शिकेल.